पावडर स्कीचा कोअर: हलका घ्यावा की दणकट?

पावडर स्कीच्या, म्हणजे ताज्या मऊ बर्फावर चालवायच्या रुंद स्कीच्या, एकाच साच्यातून निघालेल्या दोन जोड्या आहेत माझ्याकडे. लांबी दोन्हीची 187 सेंटिमीटर, बुटाखाली रुंदी 116 मिलिमीटर, टिप आणि टेलचा (पुढच्या आणि मागच्या टोकाचा) रॉकर म्हणजे वर वळलेला बाक सेम, बेस म्हणजे तळ सेम, एज म्हणजे कडेची स्टीलची पट्टी सेम. फरक सगळा पोटात. एकीत पॉलोनिया लाकडाचा हलका कोअर म्हणजे आतला गाभा आणि त्यावर कार्बन, दुसरीत पॉपलर, मधेमधे ॲशच्या उभ्या पट्ट्या आणि त्यावर जाड फायबरग्लास. काट्यावर ठेवली तर हलक्या जोडीतली एक स्की 1850 ग्रॅमच्या आसपास भरते आणि दणकट जोडीतली 2250 च्या, म्हणजे एका पायाला 400 ग्रॅमचा फरक. बनवणारे छोटे आहेत, ऑर्डर देताना कोअर कुठला हवा ते विचारतात, आणि हल्ली असे बरेच छोटे मेकर हा पर्याय देतात त्यामुळे नेमकं काय निवडायचं यात लोक फार अडकतात. दोन्ही जोड्या आलटून पालटून भरपूर वापरून झाल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. पावडरमध्ये मजा यावी म्हणून निवडायचा तो आकार, म्हणजे रुंदी, लांबी, रॉकर. कोअर निवडायचा तो पावडर तुडवली गेल्यानंतर दिवसभर जे उरतं त्याच्यासाठी, आणि स्वतःच्या पायांनी वर चढणार असाल तर त्या चढासाठी. लिफ्टने वर जाणाऱ्यांनी दणकट घ्यावा, अर्ध्याहून जास्त वेळ स्किन (स्कीच्या तळाला चिकटवायची, मागे घसरू न देणारी पट्टी) लावून चढणाऱ्यांनी हलका घ्यावा. यात थोडे अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतेच.

सगळ्यात आधी लोक विचारतात की हलकी स्की जास्त तरंगते का. फरक इतका कमी पडतो की तो विसरून जा. हिशोब करून बघा ना, मी 66 किलोची, बूट, तो स्कीला अडकवणारं बाइंडिंग, हेल्मेट, पाठीवरची बॅग आणि स्की सगळं धरून बर्फावर साधारण 78 किलो येतात. दोन्ही स्की मिळून 800 ग्रॅम कमी झाले म्हणजे एकूण वजन जेमतेम 1 टक्का घटलं. तेवढाच फायदा स्कीची रुंदी मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरने वाढवून मिळतो, आणि 116 आणि 117 मधला फरक पायाला कळला असं छातीठोकपणे सांगणारं मला तरी अजून कुणी भेटलेलं नाही. तुमचं वजन जास्त असेल तर हा टक्का आणखी खाली जातो.

याचा जुना पुरावाही आहे. शेन मॅकॉन्की या नावाजलेल्या स्कीअरने डोकं लढवून व्होलांट कंपनीकडून जी स्पॅटुला बनवून घेतली, 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला, ती मधे फुगीर आणि टोकांना निमुळती, शिवाय पूर्ण उलट्या कॅम्बरची होती, म्हणजे नावेच्या तळासारखी दोन्हीकडे वर वळलेली. आजच्या बहुतेक पावडर स्कीमध्ये तिचा काही ना काही अंश आहे. आणि व्होलांटची खासियत काय होती तर स्कीच्या वरच्या अंगाला स्टेनलेस स्टीलचा पत्रा. म्हणजे पावडरचं सगळं गणित बदलून टाकणारी स्की अंगावर स्टील घेऊन फिरत होती आणि मस्त तरंगत होती, कारण आकार बरोबर होता.

मग अस्पर्श पावडरमध्ये दोघींत फरक जाणवतच नाही का? जाणवतो, पण तो तरंगण्यात नाही, वळवण्यात आहे. टोकाला असलेलं वजन फिरवायला जास्त जोर लागतो, आणि तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बुटापासून 80 सेंटिमीटरवर असलेले 100 ग्रॅम हे 20 सेंटिमीटरवर असलेल्या 100 ग्रॅमच्या 16 पट नडतात. त्यामुळे दाट झाडांमधे, जिथे दोन खोडांच्या मधे पटकन स्की फिरवून निघावं लागतं, तिथे हलकी जोडी खरंच सुखाची आहे, वळण मनात आलं की स्की वळलेली असते. उडी मारून हवेत स्की फिरवणाऱ्यांनाही तेच सुख. मोकळ्या उतारावर मात्र, लांब मोठी वळणं घेत जाताना, डोळे बांधून कुठल्या पायात कुठली हे विचारलंत तर मला सांगता यायचं नाही. गुडघ्याएवढा ताजा, कोरडा बर्फ स्वतःच इतका मऊ असतो की कोअरला काही काम करायची वेळच येत नाही.

पण असा बर्फ किती वेळ मिळतो? लिफ्ट असलेल्या कुठल्याही डोंगरावर मोठी बर्फवृष्टी झाली की सकाळचे पहिले एक-दोन तास. त्यानंतर सगळा उतार लोकांच्या स्कींनी उभाआडवा कापलेला असतो, मधे मधे ढिगारे, ढिगाऱ्यांच्या मधे घासून गुळगुळीत झालेल्या पट्ट्या, आणि दुपारी ऊन लागलं की तेच ढिगारे जड होऊन बसतात. इथे या दोन जोड्या म्हणजे दोन वेगळ्या स्की वाटायला लागतात.

एक नेमकी जागा सांगते. वेगात जाताना समोर कुणाच्या तरी जुन्या ट्रॅकची कड येते, वीतभर उंच, वरून मऊ आणि खालून दाबलेली. हलकी स्की त्या कडेला लागली की टिप आधी वर उडते, मग खाली आपटते, आणि आपटल्यावरसुद्धा क्षणभर थरथरत राहते, ती थरथर बुटाच्या तळातून नडगीपर्यंत येते, आणि तेवढ्यात पुढची कड आलेली असते. मग आपोआप वेग कमी केला जातो, पाय सावरून उभं राहावं लागतं, दोन-तीन रननंतर मांड्या भरून येतात. दणकट जोडी त्याच कडेतून आरपार जाते, धप्प असा एकच आवाज येतो, टिप किंचित वाकते आणि परत बर्फावर बसते. सरळ रेषेत जाणं आपल्या हातात राहतं. माझ्या मते या स्कीचा सगळा पैसा त्या एका धप्पमध्ये वसूल आहे.

असं का होतं ते समजून घेतलं तर निवड सोपी जाते. बर्फाचा ढिगारा स्कीला जो धक्का देतो तो दोन्ही स्कींना साधारण तेवढाच असतो. वजन जास्त असलेल्या वस्तूची त्याच धक्क्याने दिशा कमी बदलते, एवढं साधं आहे ते. शिवाय कार्बन हा फायबरग्लासपेक्षा खूप ताठ असतो पण कंप फारसे गिळत नाही, त्यामुळे हलक्या कोअरवर कार्बन म्हणजे धक्का जास्त बसणार आणि बसल्यावर तो विरायलाही वेळ लागणार. हे उभ्या उभ्या तपासता येतं, स्की टेलवर उभी धरून टिपच्या जरा खाली बोटाने ठोका. हलकी जरा वेळ घुमते, दणकट ठक करून गप्प बसते. काही मेकर हलक्या कोअरबरोबर फ्लॅक्सचा म्हणजे जवसाच्या धाग्याचा थर किंवा एजच्या वर रबराच्या पट्ट्या घालतात, त्याने घुमणं बरंच कमी होतं आणि वजन फार वाढत नाही, हलकं घ्यायचं असेल तर हे आहे का ते जरूर विचारा. पण थरथर कमी होणं आणि वस्तुमान असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, रबराने टिप गप्प बसेल, ढिगाऱ्यातून आरपार जाणार नाही.

आणि खाली लिफ्टकडे परतताना जो सपाट, मशीनने दाबलेला, कधी कधी टणक झालेला रस्ता असतो तिथेही तेच. 116 ची रुंद स्की टणक बर्फावर तशीही फार खुश नसते, त्यात हलकी असली की एज पकडते, सोडते, पकडते, सोडते. दणकटवर निदान निवांत उभं राहून खाली येता येतं.

आता स्कीच्या आत बघू, कारण कोअर म्हणजे नक्की किती वजन याबद्दल फार गैरसमज आहेत. या मापाच्या स्कीचा कोअर टोकांना साधारण 2 मिलिमीटर आणि बुटाखाली 11-12 मिलिमीटर जाड असतो, सगळा मिळून आकारमानाने दीड लिटरच्या आसपास लाकूड. पॉलोनियाची घनता लिटरमागे 280 ग्रॅमच्या आसपास, पॉपलरची 430-450, ॲशची 670-680, मेपलची 700 च्या आसपास. म्हणजे अख्खा पॉलोनियाचा कोअर सव्वाचारशे ग्रॅमचा, पॉपलरचा साडेसहाशेच्या जवळ आणि अख्खा ॲशचा केला तर किलोभर. बाकीचं वजन स्टीलच्या एज, बेस, साइडवॉल म्हणजे बाजूची भिंत, फायबर आणि रेझिनचं. त्यामुळे कुणी नुसता कोअर बदलून स्की निम्म्या वजनाची झाली म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका, बाकीच्या थरांतही काटछाट झालेली असते आणि ती कुठे झालीय हे जास्त महत्त्वाचं. पातळ बेस, पातळ एज आणि कमी फायबर घालून हलकी केलेली स्की आणि नुसतं लाकूड बदलून हलकी केलेली स्की या दोन्हींचं आयुष्य सारखं नसतं.

अजून एक घोळ म्हणजे हलकी म्हणजे लवचिक आणि जड म्हणजे ताठ असं लोक धरून चालतात. तसं मुळीच नाहीये. स्की हे सँडविच आहे, वाकताना ताण घेतात ते वरचे खालचे फायबरचे थर, कोअरचं मुख्य काम त्या दोन थरांना एकमेकांपासून लांब धरून ठेवण्याचं आणि मधल्या मधे घसरू न देण्याचं. हे अंतर 10 टक्के वाढवलं तर ताठपणा साधारण 20 टक्के वाढतो. म्हणून हलक्या लाकडाचा कोअर जरासा जाड ठेवला की तो जड लाकडाइतकाच ताठ होतो आणि तरीही वजनाला कमीच राहतो. माझ्या दोन्ही जोड्या हाताने वाकवून बघितल्या तर जवळपास सारख्याच वाकतात, उलट हलकी टेलकडे थोडी जास्तच ताठ आहे. तेव्हा ऑर्डर देताना फ्लेक्स (स्की किती वाकते ते) आणि कोअर हे दोन वेगळे प्रश्न म्हणून सोडवा. मला सौम्य फ्लेक्स हवा म्हणून हलका कोअर, असं करू नका. दणकट कोअर आणि मध्यम फ्लेक्स, टिपला जरा मऊ, हे पावडर स्कीसाठी माझं सगळ्यात आवडतं कॉम्बिनेशन आहे, टिप वाकून वर येते आणि वस्तुमान मधे टिकून राहतं.

हलक्या कोअरचा मोह काही आजचा नाही. हॉवर्ड हेड हा विमान कंपनीतला इंजिनिअर, 1940 च्या दशकाच्या शेवटी त्याने ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमधे प्लॅस्टिकचा जाळीदार हनीकोंब कोअर घालून स्की केल्या, विमानाच्या धर्तीवर, एकदम हलक्या. त्या मोडल्या. मग बरेच प्रयोग करून तो प्लायवूडच्या कोअरवर आला, त्याला स्टीलच्या एज लावल्या आणि त्या स्कीने अख्ख्या लाकडाच्या स्कीचा जमाना संपवला. आजचे गोंद, रेझिन, फायबर त्याच्या काळापेक्षा कितीतरी पुढे आहेत, त्यामुळे आजची हलकी स्की मोडकी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण एवढ्या सगळ्या प्रयोगांनंतर अजूनही चांगल्या स्कीत लाकूडच असतं, कारण ताकद, स्क्रू धरणं आणि कंप गिळणं हे तिन्ही एकत्र एवढं छान दुसरं कशात जमत नाही.

दणकटपणा म्हटलं की टायटॅनलचं नाव येणारच. नावाने फसू नका, ते टायटॅनियम नव्हे, ऑस्ट्रियात तयार होणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. 0.4 मिलिमीटरचा एक अख्खा पत्रा या लांबीच्या स्कीत घातला तर 200 ग्रॅमच्या पुढे वजन वाढतं, दोन घातले तर 400 च्या पुढे. टणक बर्फावर त्याच्यासारखं काही नाही. पण पावडर स्कीत मला तो टोकापर्यंत नको असतो, टिप जड आणि ताठ होते आणि खोल बर्फात ती वर यायला कुरकुर करते. बुटाखाली तुकडा असेल तर उत्तम, बाइंडिंगचे स्क्रू धरायला तो फार कामाचा.

आता चढाची बाजू. इथे मी हलक्या जोडीच्या पूर्ण बाजूने आहे. 1000 मीटर उंची चढायची आणि वाट साधारण 12 अंशांची असेल तर चालणं पावणेपाच-पाच किलोमीटरचं होतं, सत्तर सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर एकेका पायाची साडेतीन हजारांच्या आसपास पावलं. प्रत्येक पावलाला 400 ग्रॅम, म्हणजे एकेका पायाने दिवसभरात सव्वा टनाहून जास्त वजन उगाच पुढे ढकललं. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायाला बांधलेलं वजन वाहायला शरीराच्या तेवढ्याच वजनापेक्षा चालण्याच्या वेगानुसार 4 ते 6 पट जास्त मेहनत लागते असं दिसलं होतं, स्कीवाले त्याचाच आधार नेहमी देतात. अर्थात तो अभ्यास पाय उचलून चालण्याचा होता आणि स्किन लावून चढताना आपण स्की उचलत नाही, सरकवतो, त्यामुळे फटका तेवढा बसत नाही. पण नागमोडी चढावर वळताना, जिथे एक स्की पूर्ण उचलून उलटी फिरवावी लागते, तिथे तो पुरेपूर बसतो. दमलेल्या अवस्थेत, तीव्र उतारावर, टिप हवेत फिरवून आणताना 400 ग्रॅम म्हणजे काय ते तिथे कळतं.

तरीही आधी बूट आणि बाइंडिंगचं वजन बघा, मग कोअरकडे या. लिफ्टचं नेहमीचं बाइंडिंग एका पायाला किलोच्या आसपास किंवा वर जातं, पिनवालं टूरिंग बाइंडिंग त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे बाइंडिंग बदलून जेवढे ग्रॅम वाचतात तेवढे कोअर बदलून वाचतच नाहीत. आणि उतरताना बाइंडिंगचं वजन पायाखालीच असतं, टिपला ते स्थिर करत नाही. म्हणून हलक्या स्कीवर जड बाइंडिंग लावून स्की दणकट झाली असं वाटून घेण्यात काही अर्थ नाही, टिप तेवढीच उडते. उलटं मात्र छान चालतं, दणकट स्कीवर हलकं बाइंडिंग. कधी कधीच चढणाऱ्यांना मी तेच सुचवते.

माणसाचं वजन आणि बर्फाची जात, या दोन गोष्टी निर्णय फिरवू शकतात. माझ्याबरोबर नेहमी येणारा एक जण 95 किलोचा आहे, तो माझी हलकी जोडी घेऊन कापलेल्या बर्फात गेला तर रन संपल्यावर पहिलं वाक्य होतं की टिप सारखी दुमडतेय. त्याच्या वेगाला आणि वजनाला ती पुरत नाही. याउलट 50-55 किलोच्या, वेगापेक्षा वळणांत रमणाऱ्या माणसाला दणकट जोडी दिवसभर ओढत न्यावी लागेल, तिथे मी लिफ्टवालीलाही हलकी किंवा मधली घे म्हणेन. बर्फाचं म्हणाल तर युटाच्या वॉसॅच डोंगरांत ताज्या बर्फात पाण्याचं प्रमाण सरासरी साधारण 8 टक्के, जपानच्या होक्काइडोतही कोरडा, हलका बर्फ, तिथे तुडवलेली पावडरसुद्धा बऱ्यापैकी मऊ राहते आणि हलकी स्की खपून जाते. समुद्राजवळच्या डोंगरांत, कॅलिफोर्नियाच्या सिएरात वगैरे, बर्फ ओला आणि भारी पडतो, लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात ते उगीच नाही. तिथला दुपारचा ढिगारा हलक्या स्कीला अक्षरशः बाजूला फेकतो. तुम्ही बहुतेक वेळा कुठे जाता, त्या बर्फाप्रमाणे ठरवा.

टिकाऊपणाबद्दल कमी बोललं जातं म्हणून जरा थांबून लिहिते. दोन्ही जोड्यांवर बाइंडिंग बसवताना मी शेजारी उभी होते. पॉलोनियात ड्रिल लोण्यात जावं तसं गेलं, बाहेर आला तो फिकट, भुरभुरीत चुरा, फुंकर मारली की उडून जाणारा. ॲशच्या पट्टीतून मात्र गुंडाळलेल्या छोट्या कुरळ्या ढलप्या निघाल्या आणि ड्रिलचा आवाजच बदलला. स्क्रूच्या शेवटच्या पाव फेऱ्यात फरक सगळ्यात जास्त कळतो, ॲशमधे तो घट्ट होत होत थांबतो आणि थांबला की थांबला, पॉलोनियात थांबलाय असं वाटतं आणि अजून जराशा जोराने आटे सोडून गरगर फिरू लागेल अशी धाकधूक राहते. म्हणून हलक्या कोअरला बाइंडिंगच्या जागी फायबर किंवा धातूचा जाड थर, नाहीतर निदान तेवढ्या भागात मेपल-ॲशसारखं कडक लाकूड घातलेलं असणं अत्यावश्यक आहे. माझ्या हलक्या जोडीत ते आहे, नसतं तर मी ती घेतलीच नसती. आणि भोकात गोंद घालूनच स्क्रू बसवा, पाणी आत गेलं की लाकूड फुगतं आणि मग कुठलाच कोअर टिकत नाही. ड्रिलचं माप स्कीवरच छापलेलं असतं, साधारणपणे धातू नसेल तर 3.5 किंवा 3.6 आणि धातू असेल तर 4.1 मिलिमीटर, खोली 9, ते वाचूनच भोक पाडायचं.

ज्यांना दर एक-दोन वर्षांनी बाइंडिंग बदलायची हौस आहे, किंवा जुनी स्की विकत घेतात आणि आधीच भोकं पडलेली असतात, त्यांनी दणकटच घ्यावा. नवं भोक जुन्यापासून निदान सेंटिमीटरभर लांब हवं, आणि हलक्या लाकडात अशा तिसऱ्यांदा पाडलेल्या भोकांवर मी तरी उडी मारणार नाही.

दगडांचंही तसंच. मोसमाच्या सुरुवातीला ताज्या बर्फाखाली दगड लपलेले असतात, पातळ थर असतो, आणि एज दगडावर आपटली की धक्का स्टीलमधून साइडवॉल आणि कोअरमधे जातो. मऊ लाकूड तिथे दबतं, एजच्या मागचा आधार जातो, मग पुढच्या फटक्याला एज तडकते किंवा बाहेर येते. माझ्या हलक्या जोडीवर डाव्या स्कीच्या आतल्या एजला अशी एक खोक आहे, नखाएवढी, वरून बोट फिरवलं की साइडवॉल किंचित आत गेलेली लागते. इपॉक्सीने भरून घेतली, धरून आहे. दणकट जोडीला याहून मोठे फटके बसलेत, बेसला ओरखडे आहेत, पण एजची रेघ सरळ आहे.

मधला मार्गही आहे आणि तो बऱ्याच लोकांसाठी सगळ्यात चांगला आहे असं मला मनापासून वाटतं. पॉलोनियात किंवा पॉपलरमधे दोन-तीन ॲश-मेपलच्या पट्ट्या बुटाच्या मागेपुढे, टोकांकडे फक्त हलकं लाकूड, वर कार्बनऐवजी फायबरग्लास आणि सोबत थोडाच कार्बन. वजन 2000 ते 2100 ग्रॅमच्या दरम्यान येतं. टोकं हलकी म्हणून वळायला चपळ, मधे वजन आणि ताकद. एकच जोडी ठेवायची असेल, आठवड्यातून एखादा चढ आणि बाकी लिफ्ट असं असेल, तर मी हाच घेईन. निव्वळ लिफ्ट असेल तर मात्र मधला मार्ग नको, सरळ दणकट, आणि लांब वाटली तर एक माप कमी करा, 187 ऐवजी 182 वगैरे, वजन थोडं घटतं, वळायला सोपी होते आणि ढिगाऱ्यातलं धैर्य फारसं कमी होत नाही. हलक्यात उलटं, शंका असेल तर लांब घ्या, लांबीमुळे थोडी स्थिरता परत मिळते आणि वजनाची किंमत कमी मोजावी लागते. खूप हलक्याच्या नादी मात्र लागू नका. 115 च्या वरच्या रुंदीत, एवढ्या लांबीला 1600 ग्रॅमच्या खालची स्की फक्त शांत, अस्पर्श बर्फात आणि सावध उतरणाऱ्याच्या पायात शोभते, कडक किंवा कापलेला बर्फ आला की ती वापरणाऱ्याचा जीव काढते.

ऑर्डर देण्याआधी मेकरला चार गोष्टी लेखी विचारून घ्या. कोअरमधे नेमकी कुठली लाकडं आणि कडक पट्ट्या कुठून कुठपर्यंत, बाइंडिंगखाली काय घातलंय आणि ते किती लांब आहे म्हणजे माझ्या बुटाच्या मापाला आणि दोन वेगळ्या बाइंडिंगना पुरेल का, हलक्या आवृत्तीत एज आणि बेस दणकट आवृत्तीइतकेच जाड आहेत का, आणि दिलेलं वजन एका स्कीचं की जोडीचं. शेवटचं खास विचारा, कारण कुणी एकीचं छापतं, कुणी जोडीचं, आणि लाकूड नैसर्गिक असल्यामुळे एकाच जोडीतल्या दोन स्कींत पन्नासेक ग्रॅम इकडे तिकडे होणं चालायचंच. स्की हातात आल्या की दोन्ही वेगवेगळ्या तोलून बघा. फरक त्याहून बराच जास्त निघाला तर बाइंडिंगसाठी भोकं पाडायच्या आधीच मेकरला कळवा, एकदा भोकं पडली की कुणी परत घेत नाही.